मुंबईचीं भोजनगृहें आणि त्यांचा परीक्षक

नाटकाचा परीक्षक असतो, ग्रंथाचा असतो, गायनाचाहि असतो. मग भोजनगृहाचा परीक्षक कां नसावा, ह्या प्रश्नास उत्तर देणें कठीण आहे. तथापि आपल्याकडे चारचौघांत अन्नाची चिकित्सा करणें हें भारदस्तपणाचें लक्षण समजलें जात नसे. पानांत पडेल तें निमूटपणें खावें, अन्नास नांवें ठेवूं नयेत, अशी घरोघरची शिकवण. आणि घरच्या ताटापुरती ती योग्यहि होय, कारण तेथें वाढणारीचे कष्ट डोळ्यांसमोर असतात. परंतु जेथें पैसे मोजून जेवावयाचें तेथें हा संकोच लागू पडत नाहीं. तेथें जेवणाराच्या वतीनें बोलणारा कोणी तरी हवाच. मुंबईंत ही भूमिका ज्यांनीं लोकप्रिय केली त्यांत बेहराम काँट्रॅक्टर ऊर्फ ‘बिझीबी’ यांचें नांव अग्रभागीं येतें. १९८५ सालीं ‘आफ्टरनून’ हें दुपारचें दैनिक काढणारे हे संपादक २००१ सालीं निवर्तले. परंतु थाटाच्या हॉटेलांबरोबर साध्या इराण्याचीहि आस्थेनें दखल घेणारी त्यांची दृष्टि अद्याप अनुकरणीय आहे.

कारण केवळ पदार्थाच्या चवीवर थांबणारा परीक्षक अर्धेंच काम करतो. ताट कोणीं वाढलें, कोणास वाढलें आणि कोणास तें मिळालें नाहीं, हें पाहिल्याखेरीज शहराच्या जेवणाचा अर्थ लागत नाहीं.

मुंबईच्या भोजनगृहांचा इतिहास हा बव्हंशीं परगांवाहून आलेल्या एकट्या पुरुषांचा इतिहास आहे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडाच्या गिरणीची कंपनी स्थापिली, १८५६ सालीं ती गिरणी चालूं झाली, आणि पुढील काळांत कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें परळ-लालबागेच्या चाळींत येऊन राहिलीं. बायकामुलें गांवीं, आणि इकडे एका खोलींत अनेक जण. पाळीप्रमाणें कामास जाणारे व पाळीप्रमाणें निजणारे. अशा माणसास स्वयंपाकघर कोठलें? त्याची सोय खाणावळवाल्या बाईनें केली. भाकरी, भात, आमटी, परवडेल तेव्हां मासळी. हिशेब महिन्याचा आणि पैसे पगाराच्या दिवशीं. गिरणी बंद पडली कीं उधारी वाढे, आणि ती उधारी बाई सावकाराकडून कर्ज काढून सोशी. ही अडचण ओळखून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली व ह्या स्त्रियांस बँकांचें कर्ज मिळण्याची वाट मोकळी करून दिली. ह्या खाणावळींवर कोणा परीक्षकानें स्तंभ लिहिला नाहीं. परंतु ज्या शहराचें वैभव गिरण्यांवर उभें राहिलें, त्या शहरास प्रत्यक्ष उभें ठेवलें तें ह्याच चुलींनीं.

दुसरा मोठा आधार इराण्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द व केरमान ह्या प्रदेशांतून झरथुष्ट्री मंडळी मुंबईस येऊं लागली. कोपऱ्यावरील जागा हिंदु दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस सुलभतेनें मिळाली, अशी समजूत आहे. कारण कांहींहि असो, दोन रस्त्यांवर दोन दारें उघडतां आल्यानें उजेड, वारा आणि गिऱ्हाईक हीं तिन्ही आपोआप आंत आलीं. धोबीतलावाचें कयानी १९०४ चें, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चें. संगमरवरी मेज, वळणदार लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांतील खारी-बिस्किटें, ब्रून-मस्का आणि दाट चहा. एका पेल्याच्या किंमतींत मनुष्यास तेथें वर्तमानपत्र वाचीत बसतां येई.

तिसरें घराणें उडुप्याचें. माटुंग्याच्या स्टेशनालगत १९४२ सालीं ए. रामा नायक यांनीं सुरू केलेल्या भोजनगृहांत आजहि केळीच्या पानावर जेवण मिळतें. इडली व डोसा हे पदार्थ मराठी घरांत आतां इतके रुळले आहेत कीं ते बाहेरून आले ह्याची आठवणहि राहिलेली नाहीं. ह्या हॉटेलांतून दिवसभर पेले विसळणारीं कानडी व तुळु मुलें संध्याकाळीं रात्रशाळेंत जात, आणि त्यांतील कित्येक पुढें स्वतः हॉटेलचालक झालीं. चवीइतकीच हीहि त्या हॉटेलांची कमाई मानिली पाहिजे.

ह्या सर्व हकीकतींत एक कटु गोष्ट लपवितां येत नाहीं. एके काळीं खाणावळीच्या पाटीवर पदार्थांच्या आधीं जाति लिहिलेली असे, आणि अस्पृश्य समजल्या गेलेल्या मनुष्यास कित्येक दारें बंद असत. चहा मिळालाच तर बाहेर, निराळ्या पेल्यांत. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या भारताच्या संविधानानें आपल्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें ह्यांचा नांवानिशीं उल्लेख करून धर्म, वंश, जाति, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणावरून तेथें प्रवेश नाकारण्यास मनाई केली. राष्ट्राच्या मूळ कायद्यांत उपाहारगृहाचें नांव यावें, ह्यावरून एकत्र बसून खाण्याचें मोल आपल्या समाजांत किती मोठें आहे तें कळून येतें. ज्या मेजावर कोणाहि शेजारीं कोणीहि बसतो, तें मेज हें केवळ लाकूड वा दगड नव्हे.

आणि नेमकें हेंच मेज गेल्या चाळीस वर्षांत आंखडत गेलें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगारांबरोबर त्यांच्या खाणावळीहि ओसरल्या. इराण्यांचीं दुकानें जागेच्या वाढत्या भावापुढें व पुढील पिढीच्या निराळ्या आवडीपुढें मिटूं लागलीं. कयानीच्या समोरील बस्तानी २००४ सालीं बंद झालें. एका चहावर तासभर बसणारें गिऱ्हाईक जमिनीच्या नव्या हिशेबांत बसत नाहीं, हें त्याचें उघड कारण होय.

गिरण्यांच्या जागीं मात्र नवीं भोजनगृहें उभीं राहिलीं. जेथें साचे धडधडत होते तेथें आतां इटलीचे, जपानचे व मेक्सिकोचे पदार्थ मिळतात. जगाची चव घरबसल्या कळावी, तरुण स्त्रीपुरुषांनीं निःसंकोचपणें एकत्र जेवावें, घरांतील स्त्रीस एखादे दिवशीं चुलीपासून सुटका मिळावी, ह्यांत वाईट कांहींच नाहीं. गोमांतक-मालवणचें मासळीचें जेवण, जें पूर्वीं खाणावळीपुरतें होतें, त्यास प्रतिष्ठा मिळाली, हा तर निर्भेळ लाभ. परंतु २९ डिसेंबर २०१७ रोजीं कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून चौदा माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या दिवसापासून मुंबईच्या परीक्षकास केवळ सजावटीची तारीफ करून मोकळें होतां येत नाहीं. बाहेर पडण्याची वाट कोठें आहे, हेंहि त्यानें पाहिलें पाहिजे. जेथें जिवाची शाश्वति नाहीं तेथें मसाल्याच्या प्रमाणाची चर्चा व्यर्थ होय.

आणखी एक पालट ध्यानांत घेण्याजोगा आहे. १८९० च्या सुमारास महादू बच्चे यांनीं सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था घरचें अन्न कचेरींत पोंचवी. आतां भ्रमणध्वनीवर बोट ठेवतांच हॉटेलचें अन्न घरीं येतें. वाट तीच, दिशा मात्र उलटी. ह्या नव्या पद्धतींत कित्येक ठिकाणीं नुसतें स्वयंपाकघर असतें; मेज नाहीं, खुर्ची नाहीं, शेजारीं बसणारा अनोळखी मनुष्यहि नाहीं. सोय मोठी आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु अन्न घेऊन पाऊसपाण्यांत दुचाकी हांकणाऱ्या मुलास स्वतः दोन घास खावयास कोठें बसावयाचें, हा प्रश्न त्या सोयीच्या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं. त्याच्यापुरतें उत्तर रस्त्यावरील वडापावाच्या गाडीनेंच दिलें आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं प्रथम विकला असें सांगितला जाणारा हा पदार्थ आजहि उभ्या-उभ्या खाल्ला जातो, आणि त्यापाशीं साहेब व हमाल एकाच रांगेंत असतात.

तात्पर्य, परीक्षकाचीं कर्तव्यें तीन. अन्न शुद्ध व रुचकर आहे कीं नाहीं, हें त्यानें निर्भीडपणें सांगावें, आणि त्यासाठीं आपलें देणें आपण द्यावें. फुकट जेवलेल्याची जीभ जड होते. ज्या छपराखालीं तें अन्न वाढलें जातें तें सुरक्षित आहे कीं नाहीं, आणि वाढणाऱ्यास विश्रांति व योग्य वेतन मिळतें कीं नाहीं, ह्याची चौकशी करावी. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें: दार कोणाकोणास उघडें आहे, हें पाहावें. जातीची पाटी कायद्यानें उतरविली. तिच्या जागीं किंमतीची पाटी तितकीच उंच भिंत होऊन बसूं नये, ह्याची जाणीव शहरास करून देणें हें त्याचें काम आहे. एखाद्या नगरींत किती तऱ्हेचे पदार्थ मिळतात, ह्यावरून तिची श्रीमंती कळते. दिवसाची मजुरी संपवून आलेल्या मनुष्यास तेथें स्वस्त, ताजें व गरम अन्न बसून खातां येतें कीं नाहीं, ह्यावरून तिची संस्कृति कळते.