बेडी सुटल्यावर

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका सायंकाळी, देवळ्यातील माझ्या घराच्या पायरीशी एक मनुष्य येऊन उभा राहिला. "गुरुजी, वळखलं का?" तो माझाच जुना विद्यार्थी होता. शेताच्या बांधावरून तंटा झाला, त्यात याच्या हातून एकाचा जीव गेला. आणि चौदा वर्षे कारावास भोगून तो परतला होता. 'आत ये' असे मी म्हणावयास हवे होते. परंतु घरात लेकीसुना होत्या, माझी जीभ अडखळली. त्याने पाणी मागितले, ते मी पायरीवरच दिले. तो प्रसंग आठवला की आजही माझी मान खाली जाते.

न्यायासनाने दिलेल्या शिक्षेला मुदत असते. गावाने दिलेल्या शिक्षेला मात्र ती नसते. ही गोष्ट एका संस्थानिकाने फार पूर्वी ओळखली होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर ही बंदिजनांची मुक्त वसाहत वसविली. तिची मूळ कल्पना पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची. तेथे कोट नव्हता. बंद्याने बायकामुलांसह राहावे, शेती कसावी, आणि विश्वास हाच पहारा. याच प्रयोगावरून १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांची.

विश्वासाने माणूस उभा राहतो, हे खरे. पण उभा राहिलेला माणूस दुसऱ्यालाही हात देऊ शकतो. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांत वावरलेले लक्ष्मण गोळे यांनी तुरुंगात गांधीजींचे आत्मचरित्र वाचले आणि आपले गुन्हे आपण होऊन कबूल केले. सुटल्यावर मुंबई सर्वोदय मंडळाच्या साहाय्याने ते पुन्हा तुरुंगांत जाऊ लागले. परंतु या वेळी बंद्यांशी चार शब्द बोलण्यासाठी!

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगतो. तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो, क्षमा मागितली, आणि माझ्या रिकाम्या पडवीची किल्ली त्याच्या हाती दिली. आज तेथे शाळा सुटलेली दोन मुले त्याच्यापाशी काम शिकतात. एके दिवशी त्यांच्यात भांडण जुंपले आणि एकाने पटाशी उगारली. याने त्याचे मनगट धरले व शांतपणे म्हटले, "पोरा, असाच एक क्षण मला चौदा वर्षांना पडला." पटाशी खाली आली.

श्रोतेहो, क्रोध आवरा, हे मी उभी हयात फळ्यावर लिहीत आलो. पण त्या एका वाक्याची धार माझ्या खडूला कधी आली नाही. कारण त्याची किंमत मी मोजलेली नव्हती.

तेव्हा, शिक्षा भोगून आलेला कोणी उद्या आपल्या दाराशी आला, तर त्याला काम द्या, आणि जमल्यास कोणा उनाड मुलाला त्याच्या हाताखाली बसवा. निदान पाणी तरी पायरीवर देऊ नका.