कृतज्ञतेची ओवाळणी आणि श्रमाचे मोल

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या, थाळ्या आणि घंटा वाजल्या. पुढे ३ मे २०२० रोजी लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली, विमानांनी मानवंदना दिली, बँडपथकांनी धुना वाजवल्या. करोनाच्या साथीत जिवावर उदार होऊन राबणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार आणि आशा सेविका यांचे आभार मानणे हा या सोहळ्यांचा हेतू होता. त्या दिवशी थाळी वाजवणाऱ्या सामान्य माणसाच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घरात कोंडलेल्या, धास्तावलेल्या माणसाला आपण कोणाच्या तरी पाठीशी उभे आहोत असे वाटावे, हे स्वाभाविकच होते. प्रश्न आहे तो वेगळाच. त्या आवाजाने ज्यांच्यासाठी तो केला गेला त्यांच्या पदरात काय पडले?

या प्रश्नाचे उत्तर घाईने 'काहीच नाही' असे देणे अन्यायाचे होईल. त्या दिवसांत रुग्णालयात काम करते एवढ्याच कारणावरून परिचारिकेला भाड्याची खोली सोडायला सांगितल्याच्या बातम्या ठिकठिकाणांहून येत होत्या. तपासणीसाठी वस्तीत गेलेल्या पथकांवर दगडफेक होत होती. अशा वेळी 'ही माणसे आपली आहेत, त्यांना दूर लोटू नका' असा संदेश मोठ्या आवाजात जाणे यालाही काही मोल आहे. परंतु थाळीनादानंतर अवघ्या महिन्याभरात, २२ एप्रिल २०२० रोजी, आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, कैदेची तरतूद करणारा वटहुकूम केंद्र सरकारला काढावा लागला. म्हणजे सन्मानाच्या घोषणेने जे साधले नाही ते साधण्यासाठी अखेर कायद्याकडेच वळावे लागले.

याहून बोलकी गोष्ट सप्टेंबर २०२० मधील आहे. करोनाने किती आरोग्य कर्मचारी मृत्यू पावले, असा प्रश्न संसदेत विचारला गेला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी आकडेवारी केंद्रीय पातळीवर ठेवलेली नाही, असे उत्तर सरकारने दिले. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने स्वतःच ३८२ मृत डॉक्टरांची यादी पुढे ठेवली. ज्यांना 'योद्धे' म्हटले, त्यांच्यापैकी धारातीर्थी कोण पडले याची मोजदाद सन्मान करणाऱ्यांच्या दप्तरी नव्हती. फुले उधळण्यासाठी हेलिकॉप्टर मिळाले. नावे लिहिण्यासाठी वही मिळाली नाही. मार्च २०२० मध्येच जाहीर झालेली ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना ही मात्र खरी मदत होती, हे मान्य केले पाहिजे. पण विम्याचा हक्क सिद्ध करायचा तर मृत्यूची नोंद लागते, कामाचा पुरावा लागतो. सगळे येऊन ठेपते ते नोंदीपाशी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे अॅडम स्मिथची आठवण होईल. १७७६ च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात निरनिराळ्या व्यवसायांतील वेतन कमीजास्त का असते याची चर्चा करताना स्मिथने एक मार्मिक विचार मांडला आहे. ज्या व्यवसायाला समाजात मान असतो, त्या व्यवसायाच्या मोबदल्याचा मोठा भाग हा मानच असतो. त्यामुळे असा माणूस पैशाच्या रूपाने कमी मिळाले तरी काम करतो, आणि ज्या कामाला मान नाही तेथे जास्त पैसे मोजावे लागतात. वरवर पाहता हा साधा नियम. परंतु त्यातून निघणारे अनुमान भयंकर आहे. मालकाच्या दृष्टीने मान हे फुकटचे नाणे आहे. जितका मान अधिक द्यावा तितकी रोख रक्कम वाचवता येते.

स्मिथच्या या नियमामागे एक गृहीत आहे. माणसाला दहा व्यवसायांतून एक निवडण्याची मोकळीक आहे, असे ते गृहीत. आपल्या खेड्यातील विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीला ही मोकळीक कोठे आहे? आणि मानाचे नाणे तरी तिला पुरते मिळते काय? कनिष्ठ जातीतील सफाई कामगाराला तर मानही नाही आणि जास्तीचे वेतनही नाही. म्हणजे आपल्या समाजात स्मिथचा तराजू दोन्ही बाजूंनी खोटा ठरतो.

आशा सेविकांचे उदाहरण पाहावे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा साधारणपणे एक हजार लोकवस्तीमागे गावातीलच एक स्त्री निवडावी असे ठरले. तिला नाव देण्यात आले 'स्वयंसेविका'. हे नाव निष्पाप नाही. स्वयंसेवकाला वेतन नसते, 'मानधन' असते. त्याला किमान वेतन कायदा नाही, निवृत्तिवेतन नाही, हक्काची रजा नाही. बाळंतिणीच्या घरी नवजात बाळाची तपासणी करण्यासाठी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. या सहा फेऱ्यांचा मोबदला २५० रुपये ठरला. एका फेरीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही बसतात, हे ध्यानात घ्यावे. त्यानंतर मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांचा जागतिक सन्मान केला. अभिनंदनाचे संदेश दिल्लीपासून गल्लीपर्यंत निघाले. पण ज्यांना जगाने 'आरोग्य क्षेत्रातील नेत्या' म्हटले, त्या स्वतःच्या देशाच्या कायद्यात कामगारसुद्धा नव्हत्या.

आपल्या राज्यात दिवाळीला अंगणवाडी सेविकांना जी रक्कम मिळत आली तिचे नाव 'भाऊबीज भेट'. शब्द किती गोड! पण भाऊबीज ही ओवाळणी आहे. किती घालायची हे भावाच्या मर्जीवर असते, आणि ती कमी पडली म्हणून बहीण फिर्याद करीत नाही. कारखान्यातील कामगाराला दिवाळीला जो मिळतो तो बोनस, आणि तो कायद्याने मिळतो. हा फरक आपोआप पडलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना बोनस देण्यास सुरुवात केली तीही कृपा म्हणूनच. पुढे तो बंद करताच १९२४ मध्ये कामगारांनी मोठा संप केला. चौकशी समितीने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. संप मोडला. परंतु मागणी मोडली नाही. चार दशकांच्या झगड्यानंतर १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला आणि बक्षिसाचे रूपांतर हक्कात झाले. कृपेचे हक्कात रूपांतर करणे हाच कामगार चळवळीचा इतिहास आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांचा प्रश्न त्याच इतिहासातील पुढचे पान आहे.

महाराष्ट्रातील आशांनी हे पान स्वतःच उलटले. जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या उतारावर, राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याभरात सरकारला एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा करोना भत्ता मान्य करावा लागला. वर्षभराच्या कौतुकाने जे हाती आले नाही ते आठ-नऊ दिवसांच्या संपाने आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. सात हजारांच्या वाढीचे आश्वासन मिळाले, संप मागे घेतला गेला, आणि शासननिर्णय मात्र निघेना. जानेवारी २०२४ मध्ये त्या तिसऱ्यांदा उठल्या, मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसल्या. मार्च २०२४ मध्ये निर्णय निघाला तो पाच हजारांचा. यातून दोन धडे निघतात. संघटनेशिवाय काही मिळत नाही, हा पहिला. आणि तोंडी आश्वासन हेही एक प्रकारचे आभारप्रदर्शनच असते, कागदावर उतरेपर्यंत त्याची किंमत शून्य, हा दुसरा.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० पासून सलग दहा गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवीत होते. पंतप्रधानही वाजवीत होते. एका वर्षाने, मार्च २०२१ मध्ये, त्याच सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवेतील कर्मचाऱ्यांना एक टक्का वेतनवाढ सुचवली. टीका झाल्यावर ती तीन टक्के झाली. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेला आपल्या १०६ वर्षांच्या इतिहासातील सर्वांत मोठा संप करावा लागला. टाळ्यांनी घरभाडे भरता येत नाही, हे श्रीमंत देशातील परिचारिकेलाही शिकावे लागले.

उदात्तीकरणाला आणखी एक काळी बाजू आहे. ज्याला देवदूत मानले त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा असते, आणि चमत्कार झाला नाही की देवदूताचा गुन्हेगार व्हायला वेळ लागत नाही. चुडाव्याच्या माणसाला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. येथील दुखणे वाढले की रुग्ण पूर्णेला किंवा नांदेडला जातो. त्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. राज्य हादरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे आणि क्षमतेबाहेरची गर्दी यांची चर्चा सुरू झाली. पण त्याच आठवड्यात एका खासदाराने रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, आणि ते दृश्य देशाने पाहिले. मेलेल्या बालकांच्या मातांना जाब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु जाब कोणाला विचारायचा? पदे भरण्याचा आणि औषधे खरेदी करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांना; की तुटपुंज्या मनुष्यबळावर रुग्णालय चालवणाऱ्याला? साडेतीन वर्षांपूर्वीची पुष्पवृष्टी आणि हातात दिलेला तो ब्रश ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. दोन्हींत सत्ताधारी कॅमेऱ्यापुढे असतो आणि अंदाजपत्रक पडद्याआड राहते.

सावित्रीबाई फुले यांचे स्मरण या संदर्भात उचित ठरेल. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना मृत्यू आला. त्यांच्या त्यागाला आपण वंदन करतो. परंतु त्यांनी आणि डॉ. यशवंत यांनी केले काय? त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना उभारला, रुग्णांना तेथे नेले. त्यागाच्या आधी तेथे व्यवस्था होती. वंदन करणाऱ्यांनी हे विसरून कसे चालेल?

तेव्हा आभार मानू नयेत असे कोणी म्हणत नाही. आभार म्हणजे ऋणाची कबुली. कर्ज कबूल करणारा ते फेडण्याची तारीखही सांगतो. न सांगणाऱ्याला सावकारही उभे करीत नाही. जे आभारप्रदर्शन हिशेबाची वही उघडते ते उपयोगी, जे ती मिटते ते घातक. ही कसोटी हाती असली म्हणजे पुढच्या सोहळ्याला फसण्याचे कारण उरणार नाही.

कार्यकर्त्यांनी ही कसोटी गावापासून लावावी. ग्रामसभेत आशाताईंना शाल-श्रीफळ द्यायचे तर जरूर द्या, पण त्याच सभेत चार प्रश्न नोंदवून घ्या. त्यांचा मोबदला गेल्या सहा महिन्यांत कोणत्या तारखांना जमा झाला? उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती? रात्री बाळंतिणीला घेऊन गेलेल्या आशेला रुग्णालयात पाठ टेकायला जागा आहे काय? सफाई कामगार कंत्राटी असेल तर त्याला किमान वेतन मिळते काय? उत्तरे लेखी मागा, इतिवृत्तात घाला, आणि पुढच्या सभेत तेच इतिवृत्त उघडा. त्यांच्या संपाच्या वेळी गावाने मागे उभे राहावे. संपकाळात 'रुग्णांचे हाल' असा गळा काढणाऱ्यांना विचारावे की, रिक्त पदांमुळे बारमाही होणाऱ्या हालांविषयी त्यांनी कधी तोंड उघडले होते काय?

थाळीचा आवाज पाच मिनिटांत विरतो. इतिवृत्तातील ओळ टिकते, आणि तिच्यावर बोट ठेवून प्रश्न विचारता येतो. आरोग्य कर्मचाऱ्यांचे आभार मानायचे असतील तर ते त्या ओळीत मानावेत.