शोध थडग्यापाशी थांबू नये

श्रोतेहो, बांदा म्हणताच काही जण सावंतवाडीच्या दिशेनं निघाले! (हशा) मी बोलतोय ते बांदा इंडोनेशियात आहे, अंबोनच्या आग्नेयेला. डच ईस्ट इंडिया कंपनी, तिची १६०२ ची स्थापना, मसाल्यांची चढाओढ हे तुम्हाला ठाऊकच आहे; त्यात वेळ घालवत नाही.

माझ्या एका डच स्नेह्यांचे पूर्वज तिथे जायफळाच्या बागांचे मालक होते. त्यांच्यासोबत मी गेलो. नेइरा गावातल्या जुन्या चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. घराण्याचं नाव सापडलं तसा त्यांचा गळा दाटून आला. ते मी समजू शकतो. पण माझं म्हणणं निराळं आहे.

आधी जायफळाचं सांगतो. आपण पुरणात किसतो ते जायफळ एके काळी जगाला याच चिमुकल्या बेटांवरून मिळे. केनारीच्या उंच झाडांखाली बागा. फळ उकललं की आत लालभडक जायपत्री. गराचाही तिथे गोड पदार्थ करतात. दुसऱ्या कुणी रोपं लावू नयेत म्हणून कंपनी बिया चुन्यात बुडवून पाठवायची. चिठ्ठी आली आहे, ‘श्रीखंडात वेलदोडा की जायफळ?’ जायफळ! (हशा, टाळ्या)

या मक्तेदारीसाठीच १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून फौज घेऊन आला. ८ मे रोजी बांदाच्या ४४ प्रमुखांना जपानी भाडोत्री सैनिकांकरवी मारलं. बेटांवर सुमारे १५,००० माणसं असावीत असा अंदाज आहे, उरली हजारभर. बागांचे ६८ वाटे करून कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला गुलाम आणले, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही.

जे निसटले त्यातले काही केई बेटांवर पोचले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात ही गावं आहेत. बांदाची मूळ भाषा आज त्या गावांत बोलतात, खुद्द बांदावर नाही! म्हणून मी आग्रहानं सांगतो, बागमालक पूर्वजांच्या शोधात निघालेल्यानं केईला गेलंच पाहिजे.

दुसरी चिठ्ठी जरा रागावलेली आहे: ‘चारशे वर्षांपूर्वीच्या कृत्यांचा जाब आजच्या माणसाला का?’ जाब मी मागितलेलाच नाही. पण ज्यांना हुसकावून बाग मिळाली, ती माणसं त्या घराण्याच्या इतिहासात येतातच. त्यांना वगळून लिहिलेली वंशावळ मी अपुरी मानतो, आणि हे त्या स्नेह्यांना तिथेच सांगितलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. नेदरलँड्समधल्या होर्न शहरातल्या कूनच्या पुतळ्याविषयी बोलायचं होतं, ते राहिलं. १८९३ च्या त्या पुतळ्याच्या फलकावर २०१२ पासून त्याच्या हिंसाचाराचाही उल्लेख आहे, एवढंच सांगतो. स्नेह्यांनी आता केईला जायचं ठरवलं आहे, मीही निघणार आहे. भाषांच्या नोंदी घेण्याचा अनुभव असलेलं कुणी सभागृहात असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा.