सीटी नॉर्मल आहे, घरी जा

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा. आजचा विषय डोकं दुखण्याचा आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींचं आत्ताही दुखत असेल.

तुमच्या मेसेजमधून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय : मायग्रेनचा मोठा अटॅक आला, रात्री कॅज्युअल्टीत गेलो, तिथं कुणी सिरियसली घेतलंच नाही, तर करायचं काय? मी डॉक्टर नाही. १४ व्या वर्षापासून मला मायग्रेन आहे, आता मी २९ ची आहे. तेवढ्या जोरावर बोलतेय.

आपल्याकडे या दुखण्याला छान नाव होतं, अर्धशिशी. आता घरोघरी ऐकू येतं ते ‘पित्त’. "पित्ताचं डोकं आहे, उलटी झाली की उतरेल." आईनं मला हे शंभर वेळा तरी सांगितलं असेल. तिचं निरीक्षण चुकीचं नाही. उलटी होतेच, आणि काहींना नंतर बरंही वाटतं. पण पोटामुळे डोकं दुखत नसतं, अटॅक मेंदूतून सुरू होतो आणि पोटाला मंद करतो. म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि आपण म्हणतो, गोळी लागूच पडत नाही.

आणि हे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. कर्नाटकात झालेली एक मोठी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण दर ४ प्रौढांमागे एकाला वर्षभरात मायग्रेन झालेलं आढळलं, बायकांमध्ये जास्त. जगभरात तरुण बायकांना कामातून उठवणाऱ्या आजारांच्या यादीत मायग्रेन पहिल्या नंबरवर आहे. तरी कॅज्युअल्टीत ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला माहीत आहे.

माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी, पुणे, एक मोठं खासगी हॉस्पिटल. अटॅकचा तिसरा दिवस संपत आला होता, घोटभर पाणीसुद्धा टिकत नव्हतं. रूममेटनं रात्री दीड वाजता रिक्षात घातलं. डोळ्यांवर ओढणी बांधून मी आत गेले.

"काय होतंय?"

"मायग्रेन आहे डॉक्टर. तीन दिवस झाले."

"बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

"नाही सर."

"झोप होत नाही तुम्हा लोकांची. रात्रभर मोबाईल." मग माझ्याकडे न बघता रूममेटला, "यांच्या घरी काही टेन्शन? लग्नाचं वगैरे?"

ॲसिडिटीचं इंजेक्शन आणि सलाईन लागलं. सीटी स्कॅन झाला. सलाईन बघायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "एवढं दुखत असतं तर अशी शांत पडली असतीस का बाळा?" हे वाक्य मला आजही पाठ आहे. मुतखड्याचा पेशंट तळमळतो, लोळतो, ओरडतो. मायग्रेनवाला हलत नाही, कारण मान वळवली तरी घण पडतो. हालचालीनं दुखणं वाढणं हे तर मायग्रेन ओळखायच्या खुणांपैकी एक आहे. म्हणजे ज्या गोष्टीवरून आजार ओळखायचा, तिच्यावरूनच मी नाटक करतेय असं ठरलं.

चार वाजता डॉक्टर परत आले. "सीटी नॉर्मल आहे. काही निघालं नाही. घरी जा, आराम करा." डोकं होतं तसंच. त्या रात्री माझ्या उपयोगाचं एकच काम झालं. वॉर्डमधल्या मामांनी, कुणी न सांगता, माझ्या डोक्यावरची ट्यूब बंद केली.

आता ‘काही निघालं नाही’ या वाक्याचा अर्थ नीट समजून घेऊ. सीटीत रक्तस्राव दिसतो, मोठी गाठ दिसते. मायग्रेन दिसत नाही, कधीच दिसत नाही. मायग्रेन सांगणारी रक्ताची तपासणीही नाही. निदान होतं ते ऐकून : ४ ते ७२ तास चालणारं दुखणं, बहुतेकदा एका बाजूला, ठणकणारं, हालचालीनं वाढणारं, सोबत मळमळ किंवा मग उजेड आणि आवाज असह्य होणं. ७२ तासांच्या पुढे गेलं तर डॉक्टरांकडे त्याला वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचार करायचे असतात. सीटी नॉर्मल येण्याचा अर्थ ‘जिवाला लगेच धोका दिसत नाही’ एवढाच. तो निरोप चांगलाच आहे, पण ज्यासाठी गेलो त्याचं उत्तर त्यात नाही.

डॉक्टरांची बाजूही बघू. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या पोराच्या समोर एकीकडे छातीत दुखणारे काका, दुसरीकडे बाईकवरून पडलेला मुलगा. त्याचं पहिलं काम म्हणजे कोण मरू शकतं हे शोधणं. मला थांबायला लावलं याचा मला राग नाही. मी थांबले असते पहाटेपर्यंत. राग आहे तो लग्नाच्या प्रश्नाचा.

आठ महिन्यांनी पुन्हा तशीच वेळ आली. या वेळी हॉस्पिटल दुसरं होतं आणि पर्समध्ये एक कागद होता. न्यूरोलॉजिस्टनं त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलेला : निदान काय, रोजची औषधं कोणती, घरी गोळी लागू पडली नाही तर कॅज्युअल्टीत काय देता येईल, काय देऊ नये. बोलायचं कामही मी केलं नाही, रूममेटनं केलं. तिला आधीच सांगून ठेवलं होतं. "डॉक्टर, हिला निदान झालेलं मायग्रेन आहे. नेहमीसारखाच अटॅक आहे, फक्त लांबलाय, चौथा दिवस आहे. सहा वाजता ही गोळी घेतली, ती उलटून पडली. ताप नाही, मान आखडलेली नाही, हातापायात कमजोरी नाही, प्रेग्नन्ट नाही." वीस सेकंद. रडून सांगण्यापेक्षा हे जास्त चाललं, हे मला आवडत नाही, पण चाललं.

मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन, एक वेदनाशामक, पडद्यामागचा कोपरा. दीड तासात दहापैकी नऊचं दुखणं तीनवर आलं. कागदाची जादू म्हणणार नाही मी. त्या डॉक्टर मुळातच ऐकून घेणाऱ्या होत्या, तोही भाग आहे.

ही औषधं काही गुपित नाहीत. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये इमर्जन्सीत शिरेतून मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, किंवा त्वचेखाली सुमाट्रिप्टान द्यावं असं आहे, आणि मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची औषधं टाळा असंही आहे. पहिली दोन आपल्याकडे उलटीची औषधं म्हणून जवळजवळ सगळीकडे असतात. पण हट्ट धरू नका. "माझ्या डॉक्टरांनी हे सुचवलंय, तुम्हाला योग्य वाटतं का?" एवढंच विचारा. हृदयाचा त्रास असलेल्याला ट्रिप्टान देत नाहीत, असे अनेक बारकावे असतात. अजून एक. या दोन औषधांनी कधीकधी विचित्र बेचैनी येते, पाय हलवत राहावेसे वाटतात, उठून पळून जावंसं वाटतं. तसं झालं तर लगेच सांगा, ‘इंजेक्शननंतर सुरू झालं’ हे शब्द वापरून. नाहीतर तेही टेन्शनच्या खात्यात जातं.

आणि हो, जुनं मायग्रेन असलं तरी काही डोकेदुखी वेगळ्या असतात. क्षणात वीज पडावी तशी आलेली, तापासोबत मान आखडणारी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणारी, डोक्याला मार लागल्यानंतरची, गरोदरपणात नव्यानं सुरू झालेली. अशा वेळी नेहमीचा कागद दाखवून थांबू नका. "हे नेहमीसारखं नाही," हे वाक्य आधी म्हणा.

त्या पहिल्या रात्रीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी हॉस्पिटलकडे केस पेपरची कॉपी मागितली. लेखी मागितलं की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला २००२ पासूनचा नियम आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, तीही जाऊन वाचा, भिंतीवर असते, सहसा कुंडीच्या मागे. कॉपी मिळाली. त्यावर लिहिलं होतं : हेडेक, आणि पुढे प्रश्नचिन्ह, अँग्झायटी. मायग्रेन हा शब्दच नाही! मी तीन वेळा सांगितलेला शब्द. पुढचा डॉक्टर हाच कागद वाचणार, म्हणून मी तो न्यूरोलॉजिस्टना दाखवला आणि त्यांच्याकडून निदान स्वच्छ लिहून घेतलं. तक्रारीच्या मेलमध्ये फक्त वेळा आणि वाक्यं लिहिली, विशेषणं काढून टाकली. उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. लग्नाच्या प्रश्नाबद्दल त्यात काही नव्हतं.

कॅज्युअल्टी ही शेवटची पायरी आहे, खरं काम ओपीडीत होतं. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनसारखं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर ते क्रॉनिक मायग्रेन. तेव्हा अटॅक येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. माझ्या गोळीच्या मूळ वर्गाचं नाव आहे डिप्रेशनचं औषध. कमी डोसमध्ये ती मायग्रेनला चालते. मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी बघून आवाज खाली आणला होता. आणि दुखऱ्या दिवसांच्या गोळ्या मोजा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान किंवा कॉफी-अर्गोट मिसळलेल्या गोळ्या १० दिवस, याच्यावर गेलात की गोळीच डोकं दुखवायला लागते. फोनच्या कॅलेंडरवर लाल ठिपका, निळा ठिपका, एवढी डायरी पुरते.

माझे ठिपके महिन्याला १७ वरून ६ वर आलेत. रूममेटचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. नवीन मुलगी आली त्याच आठवड्यात तिला चहा पाजला, कागद कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवलं आणि ती वीस सेकंदांची वाक्यं तिच्याकडून दोनदा म्हणून घेतली. ती म्हणाली, "ताई, आमच्या आईलाही असंच होतं, पण आम्ही पित्तच म्हणतो."

पुढच्या भागात तिच्या आईशी बोलूया. त्या तयार झाल्यात.