वैशाखातील टायर आणि वाटेवरची दहा मिनिटे

(राजापेठ, अमरावती येथे वाहनचालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध गाडीच्या किल्लीपुरताच. तरीही ज्यांचे अर्धे आयुष्य स्टिअरिंगवर गेले, अशा मंडळींपुढे उभे राहण्याचे धाडस करीत आहे, ते एका चुकीच्या समजुतीपायी. ती समजूत अनेक वर्षे माझीही होती.

वैशाखात आपल्या वऱ्हाडात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी टायरमधील हवा थोडी कमी करून घ्यावी, म्हणजे ती तापून फुगली तरी टायर फुटत नाही, असे पुष्कळजण मानतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यागणिक टायरच्या बाजू अधिक दबतात. त्या सततच्या दबण्याने उष्णता वाढते, आतील थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. चालताना हवेचा दाब वाढणार, हे कारखान्याने आधीच हिशेबात धरलेले असते. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी फार चालण्यापूर्वी तपासावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

काही वर्षांपूर्वी बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना भर दुपारी माझ्या गाडीचे मागचे उजवे टायर फुटले. आदल्याच दिवशी मी हवा कमी करून घेतली होती! गाडी अर्धी रस्त्यावर, कुटुंबीय आतच बसलेले, आणि मी वाहतुकीकडे पाठ करून जॅक लावीत होतो. एक ट्रक इतक्या जवळून गेला, की अंगावरचा सदरा फडफडला. पुढे स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नव्हती. वर्षभर तिची आठवण कोणालाच, म्हणजे मलाच, झाली नव्हती. टायर फुटल्याने आम्हांला खरचटलेही नाही. त्यानंतरच्या दहा मिनिटांत मात्र आम्ही सारे मृत्यूच्या दारात होतो.

म्हणून ही दहा मिनिटे नीट समजून घेतली पाहिजेत. टायर फुटताच ब्रेकवर पाय दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. गाडी शक्य तितकी डावीकडे, रस्त्याबाहेर घ्यावी. चारही इशारादिवे लावावेत. सर्वांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर, कठडा असल्यास त्याच्या पलीकडे उभे करावे. लाल परावर्तक त्रिकोण सुमारे 50 मीटर मागे ठेवावा. भरधाव रस्त्यावर त्याहूनही दूर. उजवे चाक बदलताना पाठ वाहतुकीकडे येत असेल, तर ते काम तेथे करूच नये, मदत मागवावी. 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आपणांस ठाऊक आहेतच. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हाही आहे.

इंजिन तापले, तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उसळते. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये. एवढे सांगून पुढे जातो.

5 जून 2025 रोजी संपूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. राजापेठेच्या गर्दीत जुन्या टायरचे दोष झाकून राहतात. तेथे ताशी 120 किलोमीटरच्या वेगाने तासन् तास धावताना ते उघडे पडतात. टायरवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की तो टायर बाद समजावा.

1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर उलटलेल्या बसला आग लागून 25 प्रवासी गेले. तेव्हापासून काच फोडण्याची लहान हातोडी मी गाडीत हाताशी ठेवतो.

दुसऱ्याची गाडी अपघातात सापडलेली दिसली, तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या 134-अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

बाहेर चहा तयार आहे. तो घेण्यापूर्वी डिकी उघडून स्टेपनी एकदा अंगठ्याने दाबून पाहा. मी पंप सोबत आणला आहे.