पिता घरी असताना
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाचे पत्र आले तेव्हा आमच्या घरात थोडा हशा पिकला. घरून काम करून कुटुंबास वेळ देणारा पिता या विषयावर बोलण्यास नेमके आम्हांसच का बोलवावे, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी केला. या परीक्षेत आम्ही पहिले दीड वर्ष सपशेल नापास झालो होतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. तेव्हा नापास झालेल्या विद्यार्थ्याने सांगावे त्या भूमिकेवरून आम्ही चार शब्द सांगणार आहोत, ते आपण गोड मानून घ्यावेत.

वास्तविक, घरी बसून काम करणे आपल्या शिंपी ज्ञातीला नवे नाही. आमचे आजोबा फलटणास राहत. ओटीवर उजेडाच्या बाजूला त्यांचे पायमशीन, शेजारी कापडांचे गठ्ठे आणि चिंध्यांचे बोचके असे. गिऱ्हाईक तेथेच बसून माप देई, गावच्या चार गोष्टी सांगे आणि चहा घेऊन जाई. मे महिन्याच्या सुटीत आम्ही नातवंडे तेथे जमत असू. साठी उलटल्यावर आजोबांना सुईचे नेढे दिसेनासे झाले, तेव्हा सुईत दोरा ओवून देण्याचे काम आम्हां मुलांकडे आले. दोरा ओवता ओवता ते आमच्याकडून पाढे म्हणवून घेत, आणि पाढा चुकला की मापाचा गज उगारल्यासारखा करीत. आजोबा काय काम करतात हे आम्हांस कोणी समजावून सांगावे लागले नाही, कारण ते आमच्या डोळ्यांसमोर होत होते आणि त्यात आमचा हात होता.

हे चित्र रंगवताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधीचे पंधरा दिवस आजोबांजवळ जाण्याची कोणाची प्राज्ञा नसे. आणि काजे करणे, गुंड्या लावणे, तुरपाई करणे ही सारी कामे आजी चूल आवरल्यावर रात्री दिव्यापाशी बसून करी. गिऱ्हाईक पैसे आजोबांच्या हाती देई. आजीच्या काजांचा निराळा हिशेब आम्ही कधी पाहिला नाही.

आमच्या वडिलांनी गज-कात्री सोडली आणि मुंबईची वाट धरली. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. त्या रुळांनी पुढे आपल्यासारख्या हजारो कुटुंबांस भाकरी दिली हे खरे. पण घरातला बाप सकाळी उचलून नेला तोही त्यांनीच. वडील फोर्टमधील एका कचेरीत कारकून होते आणि बिऱ्हाड डोंबिवलीस. आम्ही दात घासत असू तेव्हा ते जिना उतरत, आणि परतत तेव्हा आमची जेवणे झालेली असत. रविवारी ते घरी असत, पण बहुधा झोपलेले. याबद्दल आम्ही त्यांस बोल लावीत नाही. पुढे अंधेरीच्या कचेरीत संगणकाच्या आज्ञावली तपासण्याची नोकरी आम्हांस लागली, तेव्हा आम्हीही तेच केले. जाऊन येऊन साडेतीन तास, म्हणजे महिन्याच्या बावीस दिवसांत सत्त्याहत्तर तास आम्ही दादरला गाडी बदलण्यात आणि दांडीला लोंबकळण्यात घालवीत होतो.

२०२० साली मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली आणि ते सत्त्याहत्तर तास अकस्मात आमच्या पदरात पडले. आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत. बँका चालूच असल्यामुळे त्या रोज बाहेर जात, आणि आम्ही घरी. आतल्या खोलीचे दार लावून आम्ही कामास बसू. सहा वर्षांच्या मुलीस ताकीद होती की, दार लागलेले असताना वाजवायचे नाही. गाडीचे तास वाचले ते आम्ही घरास दिले, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात ते कचेरीने केव्हा गिळले ते कळलेही नाही. सकाळी आठला सुरू झालेले काम रात्री दहाला संपेना.

२०२१ च्या पावसाळ्यातील एका दुपारी आम्ही पाणी पिण्यास दार उघडले, तो मुलगी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली. अंग तापाने फणफणलेले. आमच्या मातोश्री पलीकडे झोपल्या होत्या, त्यांना तिने उठवले नव्हते. तिला विचारले, "बाळ, हाक का नाही मारलीस?" ती म्हणाली, "बाबा, तुझी मीटिंग चालू होती ना!" सव्वा तास ती तेथे बसून होती. वडील अंधेरीस असते तर तिने आजीला उठवले असते, शेजारच्या काकूंना हाक मारली असती. आम्ही घरी होतो, म्हणून ती थांबली.

त्या रात्री आम्ही पतिपत्नी वही घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणले. दुपारी साडेचार ते साडेसहा आम्ही कोणाच्याही बोलावण्यास उत्तर देणार नाही, त्या बदल्यात रात्री नऊ ते अकरा काम करू, असे वरिष्ठांस लेखी कळवले. त्यांनी ते मान्य केले. मात्र त्या वर्षीची बढती दुसऱ्यास मिळाली. पुढे २०२३ साली कचेरीने सर्वांस आठवडाभर परत बोलावले, तेव्हा आम्ही ती नोकरी सोडून सुमारे एक पंचमांश कमी पगाराची दुसरी घेतली. घराचा हप्ता चालू असताना हे सोपे नव्हते. रेल्वेचा पास, बाहेरचे खाणे आणि पाळणाघर यांचा खर्च वाचला, त्याने खड्डा निम्माही भरला नाही. उरलेला सौभाग्यवतींच्या पगाराने भरला, हे येथे सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे.

त्या दोन तासांत आम्ही काय करतो, असे काही मित्र विचारतात. विशेष काही नाही. डबा धुणे, गृहपाठ, वेणी (ती अजूनही आम्हांस नीट जमत नाही), मातोश्रींस खाली फिरवून आणणे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरच्या माणसांची देखभाल करतात, तर पुरुषांपैकी २१.४ टक्के, आणि जे करतात त्यांतही स्त्रीचे दिवसाला १४० मिनिटे जातात व पुरुषाची ७४. कायदाही अशाच समजुतीने चालत आला. २०१७ साली प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा रजेनंतर मातेस घरून काम देता येईल अशी तरतूद झाली. पित्याचे नाव त्यात नव्हते.

संगणकाच्या कामात मुलास ओवण्याजोगी सुई नाही, ही उणीव मात्र आम्हांस कायम जाणवते. आमच्या पडद्याकडे पाहून मुलीस काही उमजत नाही. म्हणून गेल्या वर्षी आजोबांचे मशीन फलटणहून आणून तेल घातले. काज ती आमच्यापेक्षा सुबक करते.

आपल्यांतील किती बंधू दुकान चालवतात, कारखान्यात पाळी करतात, गाडी हाकतात. त्यांना हा मार्ग मोकळा नाही आणि त्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकारही नाही. ज्यांना मोकळा आहे त्यांच्या वाटेत मात्र आपण मंडळीच धोंडे ठेवतो. "नोकरी सुटली काय हो?" असे आम्हांस मागच्या एका लग्नात तिघांनी विचारले. शेजारी म्हणतात, घरीच आहात तर आमचे सिलिंडर घेऊन ठेवा. ते आम्ही घेतोही.

म्हणून वधूवर सूचक समितीस एक नम्र विनंती आहे. आपल्या माहितीपत्रकात "नोकरीचे ठिकाण" असा रकाना आहे. आमच्या भाच्याने गेल्या वर्षी त्यात "घर" असे खरे ते लिहिले, तर पत्रक अपूर्ण म्हणून परत आले. यंदा तो पुन्हा तेच लिहून पाठवणार आहे. ते स्वीकारावे, आणि मुलीकडच्या मंडळींनी शंका काढलीच, तर त्यांस आमच्या घरी दुपारी साडेचारनंतर पाठवावे.