मोटारींतील बालसंवाद

लहान मुलांशीं कसें बोलावें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षांत आपलें बोलणें बहुधा आज्ञा, चौकशी आणि उपदेश या तीन प्रकारांपलीकडे जात नाहीं. दूध पी; शाळेंत काय शिकविलें; असें करूं नये. संपलें संभाषण! मीं स्वतः सारा जन्म वर्गांत मुलांस प्रश्न विचारण्यांत घालविला. प्रश्न मास्तरानें विचारावा आणि उत्तर मुलानें द्यावें, हा शाळेचा क्रम. तो जर कोठें आपोआप उलटत असेल, तर चालत्या मोटारींत, असा माझा सेवानिवृत्तीनंतरचा अनुभव आहे.

याचें कारण गूढ नाहीं. घरीं मूल कांहीं विचारूं लागलें, कीं कुकरची शिट्टी होते, दाराची घंटा वाजते, किंवा ऐकणाराच उठून जातो. मोटारींतून कोणास उठून जातां येत नाहीं. शिवाय सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस असतात. मोठ्यांची नजर आपल्यावर रोखलेली नाहीं, असें दिसलें म्हणजे मुलाचें मन निर्धास्त होतें. जी गोष्ट समोरासमोर उभें राहून विचारवत नाहीं, ती खिडकीबाहेर पाहतां पाहतां सहज विचारतां येते.

गतवर्षीं कोजागिरीच्या संध्याकाळीं आम्ही पुण्याहून साताऱ्यास निघालों होतों. मुलगा मोटार चालवीत होता. मागें सून, मी आणि पांच वर्षांची नात. कात्रजचा बोगदा मागें पडला, तों डावीकडे चंद्र वर आला होता. नात म्हणाली, “आजोबा, चांदोबा आपल्याबरोबर साताऱ्याला येतो आहे.” मीं विचारलें, “मग पुण्यांत राहिलेल्या तुझ्या मैत्रिणीनें काय करावें?” ती क्षणभरहि न थांबतां उत्तरली, “ती आतां झोपली असेल. म्हणून तर तो मोकळा आहे!”

तिचा डोळा तिला खोटें सांगत नव्हता. रस्त्याकडेचीं झाडें झपाट्यानें मागें जात होतीं, दूरचा पुरंदरचा डोंगर सावकाश सरकत होता, आणि चंद्र मात्र मागें पडत नव्हता. तो सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर. पुणें ते सातारा या सुमारें ११० किलोमीटरांच्या प्रवासानें त्याच्या दिशेंत फार तर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक पडावयाचा. जें मागें पडत नाहीं तें आपल्याबरोबर येतें, हा तिचा तर्क तिच्या वयास शोभेसाच होता.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनीं, मुलांच्या जगाविषयींच्या कल्पनांवर लिहिलेल्या आपल्या १९२६ सालच्या ग्रंथांत नेमक्या याच समजुतीचा विचार केला आहे. मुलांस उत्तरें शिकविण्याऐवजीं ते त्यांस विचारीत गेले आणि ऐकत गेले. लहान मूल स्वतःस मध्यभागीं ठेवून जग पाहतें, असें त्यांस आढळून आलें.

येथपर्यंत सारी मौज आहे. परंतु ज्या मुलास चंद्र आपल्यासाठीं चालतो असें वाटतें, त्यास घरांतील आजार, भांडण, मरण हींहि आपल्यामुळेंच घडतात, असें वाटूं शकतें. याचा प्रत्यय आम्हांस तीन महिन्यांनीं आला. माझ्या पत्नीस छातींत कळ येऊन रुग्णालयांत ठेवावें लागलें होतें. तिला भेटून परततांना मोटारींत सर्व गप्प होते. एकाएकीं नात म्हणाली, “आजोबा, मीं आजीला म्हटलें होतें, ‘जा, मला तूं नको.’ म्हणूनच तिला दवाखान्यांत न्यावें लागलें ना?”

‘वेडी कुठली!’ हे शब्द सुनेच्या ओठांवर आले होते. पण ती थांबली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मीं विचारलें, “हें तुला केव्हांपासून वाटतें?”

“आजीला नेलें त्या दिवसापासून.”

म्हणजे नऊ दिवस ती पोर हें ओझें मनांत घेऊन शाळेस गेली, जेवली, खेळली. आणि घरांत कोणास पत्ता नाहीं! मीं तिला सांगितलें, “आजीच्या हृदयाला रक्त पोंचविणारी एक नळी पुष्कळ वर्षांपासून अरुंद होत होती, तूं जन्मायच्या आधींपासून. रागाच्या एका शब्दानें नळी अरुंद होत नाहीं.”

“मीं तसें म्हटलें नसतें, तरी?”

“तरीहि आजीला दुखलेंच असतें.”

“मग आजी माझ्यावर रागावली आहे का?”

“तें आजीलाच विचार.”

दुसऱ्या दिवशीं तिनें विचारलें. आजीस तो प्रसंग आठवतहि नव्हता. पत्नी पुढें बरी होऊन घरीं आली. नातीची झोप मात्र त्याच रात्रीं परत आली होती.

श्रोतेहो, प्रवासांत मुलाच्या हातांत मोबाईल देऊन त्यास गप्प बसविणें सोपें आहे. पण त्या शांततेंत काय दडपलें जातें, हें आपणांस कळत नाहीं. मूल बोलूं लागलें, तर मोटार चालविणारानें मान मागें वळवूं नये. त्याचे कान पुरेसे आहेत. इतरांनीं उत्तराची घाई न करितां “तुला काय वाटतें?” असें विचारावें. आणि मुलाचें बोलणें पाहुण्यांपुढें विनोद म्हणून सांगूं नये. एकदां हंसें झालें, कीं तें मूल पुन्हां मन उघडीत नाहीं.

चंद्र आपल्यामागून येत नाहीं, हें माझी नात यथाकाल शिकेल. ती समजूत आणखी दोन वर्षें राहिली तरी कांहीं बिघडत नाहीं. आजीच्या दुखण्याविषयींची समजूत मात्र एक रात्रहि राहूं देण्याजोगी नव्हती. यांपैकीं कोणती समजूत मुलाच्या मनांत आहे, हें त्यास बोलूं दिल्यावांचून कळावयाचें नाहीं. पुढच्या प्रवासांत आपण थोडें कमी बोलावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.